मुंबईतल्या चिनी घराण्याचं मूळ गाव कसं शोधायचं?

माझगावची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला मदत करता येणार नाही. माझं माहेर साताऱ्याचं आणि सासर चिनी. नवऱ्याचे आजोबा 1930 च्या आसपास बोटीवर सुतार म्हणून आले आणि माझगावलाच राहिले. सासरे इथेच जन्मले, मराठी आपल्यासारखंच बोलायचे, मासळीवालीशी भाव करताना तर कुणाला खरं वाटायचं नाही. मागच्या वर्षी ते गेले. शेवटच्या आजारपणात दोनतीनदा म्हणाले, आपलं गाव कुठलं ते पोरांना तरी कळू दे.

अडचण अशी की 1962 च्या युद्धात कितीतरी चिनी कुटुंबांना थेट राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं, तेव्हा आजेसासऱ्यांनी धास्ती घेऊन घरातली चिनी पत्रं, वह्या सगळं चुलीत घातलं. उरलंय काय तर एक परदेशी नागरिकाचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, त्यावर जन्मठिकाण 'सनिंग'. आत्येसासूबाई म्हणतात सनिंग नाही, घरात 'होइसान' म्हणायचे आणि गाव 'लुंगऑन' की काहीतरी. नकाशावर सनिंगही नाही, होइसानही नाही. आणि एक फोटो आहे दोन भावांचा, आजेसासरे आणि त्यांचे थोरले भाऊ. थोरले सॅनफ्रान्सिस्कोला गेले. पण आमचं आडनाव चिन आणि त्यांचं तिकडे ली! सख्खे भाऊ होते असं सगळे शपथेवर सांगतात. मग आडनाव वेगळं कसं? कुठून सुरुवात करू?

खाडीपलीकडे

ताई, मी कॅलिफोर्नियात असतो, माझ्या बायकोच्या मैत्रिणीच्या घरासाठी हेच शोधायला मदत केली होती त्यामुळे थोडं माहितीये. आधी आनंदाची गोष्ट. तुमच्या सासरचे दोघंही बरोबर आहेत. सनिंग आणि होइसान एकच! ग्वांगतुंग प्रांतातला तो जिल्हा आधी शिननिंग होता, कँटनच्या (म्हणजे ग्वांगचौ शहराच्या) बोलीत सनिंग. 1914 मध्ये नाव बदलून तैशान केलं. कँटनवाले त्याला तोइसान म्हणतात आणि तिथले लोक स्वतः होइसान. आज नकाशावर तैशान शोधा, लगेच सापडेल, जियांगमेन शहराच्या हद्दीत येतं.

यावरूनच लक्षात घ्या की आवाजाच्या मागे लागायचं नाही, मूळ चिनी अक्षर शोधायचं. चिन, चान, तान, चेन ही बहुतेक वेळा एकाच अक्षराची चार बोलींतली रूपं असतात, आणि उलट एकाच स्पेलिंगखाली दोन वेगळी आडनावंही निघतात. 'लुंगऑन'चंही तेच. लुंग म्हणजे ड्रॅगन असणार, पण असल्या नावांची गावं तिकडे ढीगभर आहेत. आपल्याकडे आडनावातच गाव असतं, वाईकर म्हटलं की झालं, तसं तिथे नाही.

आता थोरल्या भावाचं. हे वाचताना मला भरून आलं कारण आमच्या मैत्रिणीच्या आजोबांचं अगदी असंच होतं. अमेरिकेत 1882 ते 1943 चिनी मजुरांना बंदी होती, पण तिथल्या नागरिकाच्या मुलाला येता यायचं. 1906 च्या भूकंपात आणि आगीत सॅनफ्रान्सिस्कोचे जन्माचे दाखले जळाले, त्यानंतर बऱ्याच जणांनी आपण इथेच जन्मलो असं सांगितलं आणि गावाकडे जाऊन आलं की मुलगा झाल्याची नोंद करायची, तो खरा असो नसो. ती जागा मग पैसे घेऊन दुसऱ्याच्या मुलाला द्यायची. त्यांना 'कागदी मुलगे' म्हणतात. म्हणजे तुमचे थोरले आजेसासरे कागदावर कुणा ली साहेबांचे मुलगे झाले असतील आणि जन्मभर ते नाव वागवलं असेल.

सॅनफ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावर इमिग्रेशनचं ठाणं होतं. तिथे, साधारण 1910 ते 1940, अशा लोकांची दिवसचे दिवस उलटतपासणी चालायची. तुमच्या गावात घरांच्या किती ओळी, विहीर कुठल्या बाजूला, तिसऱ्या घरात कोण राहतं, दारातून बाहेर पडलं की समोर काय दिसतं. उत्तरं चुकली की परत बोटीत. त्या फायली सॅनफ्रान्सिस्कोजवळ सॅन ब्रुनोच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात आहेत, मागवता येतात, काहींत गावाचा हाताने काढलेला नकाशासुद्धा असतो. पण सावध राहा, ते गाव कागदी बापाचंही असू शकतं. तरी बरेचदा जागा नात्यातल्या किंवा शेजारच्या गावातल्या माणसालाच दिलेली असायची, त्यामुळे परिसर तरी कळतो. त्यांची तिकडे कबर असेल तर तिचा फोटो नक्की मिळवा. इंग्रजीत ली आणि चिनीत खरं आडनाव, अशा कबरी मी स्वतः पाहिल्यात.

डॉकयार्ड_रोडवाला

मी याच गोतावळ्यातला आहे, तिसरी पिढी, शाळा मराठी माध्यम. वहिनी, तुमच्या आजेसासऱ्यांना अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीत ठेवलंय ना? मग निम्मं काम झालं असं समजा. आपल्या लोकांच्या दगडावर गाव कोरायचीच पद्धत, कारण माणूस परक्या मुलखात गेला तरी कुठला होता ते राहिलं पाहिजे. मधल्या उभ्या ओळीत नाव. बाजूच्या ओळीत, बरेचदा उजवीकडे, प्रांत, मग जिल्हा, मग गाव, वरून खाली. दुसऱ्या बाजूला तारीख.

दगड तारेच्या ब्रशने घासू नका, खडूही फिरवू नका. नुसतं पाणी मारा, मऊ कापड फिरवा आणि संध्याकाळी टॉर्च एका बाजूने अगदी दगडाला चिकटवून धरा. जी अक्षरं दुपारी दिसत नाहीत ती सावलीने उठून दिसतात. माझ्या आजीचा दगड आम्ही असाच वाचला. साल बहुतेक चिनी प्रजासत्ताकाचं, म्हणजे 1912 पासून मोजलेलं असेल, त्यात 1911 मिळवा. कधी आपल्या संवत्सरांसारखं साठ वर्षांच्या चक्रातलं नाव असतं, तेव्हा साठ इकडे की साठ तिकडे ते वयावरून ठरवावं लागतं.

माझगावचं देऊळ तुम्हाला माहीत असेलच, नवाब टँक रोडचं, 1919 चं. त्याचं नाव सी यप कून, सी यप म्हणजे चार जिल्हे आणि त्यातला एक तैशान. म्हणजे तुमच्या घरचे लोक तिथलेच. एप्रिलच्या 4-5 तारखेला चिंगमिंगला सगळे पूर्वजांच्या कबरी साफ करायला येतात, तेव्हा म्हाताऱ्यांना गाठा, हातात फोटो घेऊन जा. लाजू नका, तुम्ही आमच्याच आहात.

ग्वांगचौ_रिटर्न

मी कामानिमित्त सहा वर्षं तिकडे होते, तैशानला दोनदा जाऊन आले. एक गाव म्हणजे साधारण एकच आडनाव, त्यामुळे अक्षर कळलं की शोध पटकन लहान होतो. अमेरिकेच्या हाँगकाँगमधल्या वकिलातीने 1960 च्या दशकात तैशान आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांसाठी आडनावानुसार गावांची यादी केली होती, त्यावर आधारलेला डेटाबेस ऑनलाइन आहे. वंशावळीच्या वह्यांना ज्यापू म्हणतात. 1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत खूप जळाल्या, पण शांघाय लायब्ररीत मोठा साठा आहे आणि फॅमिलीसर्च या वंशावळींच्या वेबसाइटवर बऱ्याच फुकट पाहता येतात.

वहीत शोधताना नावातलं पिढीचं अक्षर बघा. एका पिढीच्या सगळ्या भावांच्या नावात एक अक्षर सामाईक असतं, ते आधीच ठरवून ठेवलेल्या कवितेतून घेतलेलं. मुलींची नावं मात्र सहसा नसतात आणि सुनेचं नुसतं माहेरचं आडनाव. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं, तुम्ही तुमच्या आत्येसासूबाईंचं नाव वेगळं लिहून ठेवा.

माझगावची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी मी, नवरा आणि आत्येसासूबाई जाऊन आलो. पाणी मारलं, टॉर्च बाजूने धरला आणि खरंच उजवीकडची ओळ उगवल्यासारखी वर आली. आत्येसासूबाईंना वाचता येतं थोडं, त्या बोट फिरवत मोठ्याने म्हणाल्या, ग्वांगतुंग, होइसान, लुंग. पुढचं अक्षर कुणीतरी बसवलेल्या सिमेंटखाली अर्धं गेलंय. डावीकडे 57 साल, म्हणजे 1968, बरोबर जुळलं.

आणि घरी आल्यावर भावांचा फोटो फ्रेममधून काढला. मागे पेन्सिलने तीन-तीन अक्षरांच्या दोन उभ्या ओळी, मला इतकी वर्षं वाटायचं स्टुडिओचं नाव असेल. दगडाचा मोबाइलमधला फोटो शेजारी ठेवला. एक ओळ तर आजेसासऱ्यांचंच नाव निघालं. आणि दुसऱ्या ओळीतलं पहिलं अक्षर आमच्याच आडनावाचं, ली नाही. मधलंही तेच जे आजेसासऱ्यांच्या नावात आहे. शेवटचं फक्त वेगळं. आत्येसासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग दोन्ही फोटो जवळ ओढून घेतले.

सिमेंटखालच्या अक्षराचा फोटो खाली टाकलाय, वरचा भाग दिसतोय. कुणाला ओळखता आलं तर प्लीज सांगा. थोरल्यांच्या फाइलसाठी अर्ज आज रात्री भरतेय.