झायलॉनमधलं ॲसिड सुपरक्रिटिकल सीओटूने काढता येतं का?

धागेदोरे: झायलॉनची (तो अतिमजबूत कृत्रिम धागा) बुलेटप्रूफ जॅकेटं अमेरिकेत २००५ नंतर बाद झाली ना, आत उरलेल्या ॲसिडमुळे दमट हवेत फायबर कमजोर होतं म्हणे, पण पाण्याने धुऊन ॲसिड का निघत नाही?

केमिकललोच्या: अरे ते पॉलिफॉस्फोरिक ॲसिडमध्ये विरघळवूनच काततात, मग थोडं आतच अडकतं, पाणी तिथवर नीट पोचत नाही. सीओटू ३१ डिग्री आणि ७४ बारच्या वर गेला की सुपरक्रिटिकल होतो, म्हणजे वायूसारखा आत घुसतो नि द्रवासारखा विरघळवतो.

मास्तर६२: थांबा थांबा, फॉस्फोरिक ॲसिड नुसत्या सीओटूत विरघळतच नाही फारसं! सोबत थोडं पाणी किंवा अल्कोहोल लागतं. आणि ऊन लागलं तरी झायलॉन खराब होतंच, त्याला हा उपाय नाही.

धागेदोरे: अच्छा, म्हणजे अर्धंच दुखणं जाणार 😅