आवळ्याला फुलं भरपूर, फळ एकही नाही. मदत हवी आहे

ऊनबाग:
जरा लवकर सांगा कुणीतरी. आवळा सलग दुसऱ्या वर्षी फुलला, खाली बारीक पिवळसर फुलांचा सडा पडला, पण झाडावर फळ म्हणून नाही. पाणी रोज, शेणखतही दिलं. अजून काय घालू?

मातीमाय:
कलमी की बियांचं? वय किती? किती झाडं आहेत?

कोरडवाहू:
रोज पाणी हेच कारण. मोहोराआधी पाणी तोडायचं, फळ धरल्यावर पुन्हा सुरू. मी दरवर्षी हेच करतो.

बोरीबाभळी:
कोरड्या हवेत आवळा कशाला? बोर लावा, काही बघावं लागत नाही.

ऊनबाग:
लावून झालंय हो! कलमी, 5 वर्षांचं, कांचन जातीचं. एकच आहे.

डोळेभरणी:
मग हेच कारण. आवळ्याला स्वतःच्या परागाने फळ फार कमी धरतं, शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं. कृष्णा किंवा एनए-७ लावा. जागा नसेल तर पावसाच्या तोंडावर याच झाडाच्या एका फांदीवर दुसऱ्या जातीचा डोळा भरा, म्हणजे तिची कळी सालीत बसवून कलम करा. सड्याची काळजी नको, बहुतेक फुलं नरच असतात, ती गळणारच. मादी फुलं मोजकी, डहाळीच्या शेंड्याकडे. भिंग घेऊन बघा.

कोरडवाहू:
माझं एकच झाड आहे आणि फळं येतात.

डोळेभरणी:
आसपास कुणाच्या परसात दुसरं असेल. पाणी तोडायचं तुमचं म्हणणं बरोबरच आहे, पण पराग नसेल तर नुसतं पाणी तोडून फळ कुठून येणार?

खोडकीड:
खोडावर भुशाची जाळी दिसते का? साल खाणारी अळी असते. जाळी खरवडून भोकात रॉकेलचा बोळा घाला.

मातीमाय:
अळीचं त्यांनी विचारलेलंच नाही. ऊनबाग, फळ धरलं तरी उन्हाळाभर दिसत नाही. गर्भ निजून असतो, पावसाला सुरुवात झाली की फुगतो. गेल्या वर्षी पावसानंतर पाहिलं होतं का?

ऊनबाग:
पाहिलं होतं, काहीच नव्हतं. आत्ता मात्र बुंध्याशी वाकून बघितलं, तर कलमाच्या जोडाखालून एक जाड फांदी वर गेलीय. पानं दोन्हीकडे सारखीच वाटतात. ती कापू का?

डोळेभरणी:
थांबा! ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या देशी आवळ्याची. फुलं त्या फांदीला येतात की वरच्या कलमाला?