पाऊस आठवडाभर आधी कळतो, मग भूकंप का नाही?

प्रश्न : मुलीच्या भूगोलाच्या वहीत वादळ, पूर, भूकंप, त्सुनामी सगळं 'नैसर्गिक आपत्ती' या एकाच रकान्यात. तिने विचारलं, "बाबा, मोबाईलवर पाऊस दिसतो, भूकंप का नाही?" मी चहाचा कप तोंडाला लावून वेळ काढला. सांगा कोणीतरी!

उत्तर १ : हवामान म्हणजे हवेचा कारभार, सूर्याच्या उष्णतेवर चालणारा. ढग उपग्रहातून दिसतात, वाऱ्याचा वेग मोजता येतो. भूकंपाचा ताण मात्र खडकात कित्येक किलोमीटर खाली वर्षानुवर्षं साठतो. तो नेमका कधी सुटेल, हे आजही कोणाला सांगता येत नाही. जपानमध्ये इशारा येतो तो भूकंप सुरू झाल्यावर: वेगवान प्राथमिक लहरी आधी पोचतात, जोराचा हादरा मागून. हातात मिळतात ती काही सेकंदं. टेबलाखाली शिरण्यापुरती.

उत्तर २ : आणि उकाडा वाढला की भूकंप येतो, हे 'भूकंपाचं हवामान' वगैरे थापा. उकाड्याचा आणि भूकंपाचा काही संबंध नाही.

उत्तर ३ : पण हवेचा रकाना वेगळा, जमिनीचा वेगळा, इतके कोरडे रकाने नसतात हो. दरड खडक-मातीची, ढकलणारा बहुतेकदा पाऊस. फिलिपिन्समध्ये १५ जून १९९१ ला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याच दिवशी चक्रीवादळही आलं. राख भिजून जड झाली नि छपरं कोसळली. पुढे त्याच उद्रेकाने जगाचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरवलं.

प्रश्नकर्ता : मुलीला वाचून दाखवलं. आता विचारतेय, दरड कुठल्या रकान्यात लिहू?