आई-वडिलांसोबत दक्षिण इंग्लंडमध्ये चालण्यासाठी सोप्या वाटा सुचवाव्यात (माळरान, जंगल, नदीकाठ)

नवखा_पांथस्थ

नमस्कार. माझे आई-वडील ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांसाठी लंडनला आमच्याकडे येत आहेत. वडील ७१ वर्षांचे आहेत आणि आई ६६ वर्षांची. दोघांनाही रोज सकाळी तासभर चालण्याची सवय आहे, मात्र वडिलांचा उजवा गुडघा उतारावर आणि पायऱ्यांवर कुरकुर करतो. शहरातील बागा त्यांनी मागच्या खेपेला पाहिल्या आहेत. या वेळी इथले खरे ग्रामीण रूप, म्हणजे हीथ म्हणतात ते माळरान, जुने जंगल आणि एखादा नदीकाठ, त्यांना दाखवावा अशी इच्छा आहे.

मागच्या वेळचा अनुभव मात्र फारसा चांगला नाही. एका ॲपवर ‘सोपी, ६ किलोमीटर’ असे लिहिलेली वाट मी निवडली आणि ती सपाटही होती, परंतु दर शेताच्या कुंपणाशी लाकडी पायऱ्या चढून पलीकडे उतरावे लागत होते. अशी अकरा कुंपणे मी मोजली. सातव्या कुंपणाच्या फळीवर वडील जे बसले, ते पंधरा मिनिटे उठलेच नाहीत. अशी फसगत पुन्हा होऊ नये म्हणून वाट नेमकी कशी पारखावी आणि सुरुवात कुठून करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

घोडेवाट

आपली फसगत अंतराने नव्हे, त्या पायऱ्यांनी केली. त्यांना इथे स्टाइल म्हणतात, आणि गंमत अशी की ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या एक्सप्लोरर नकाशावरही त्या दाखवलेल्या नसतात. तरीही नकाशावरून अंदाज बांधण्याची एक युक्ती आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक हक्काच्या वाटांचे प्रकार ठरलेले आहेत. फुटपाथवर पिवळा बाण असतो आणि त्यावर फक्त पायी जाता येते, तर ब्रायडलवेवर निळा बाण असतो आणि त्यावर घोडेस्वारांनाही हक्क असतो. घोडा स्टाइल चढू शकत नाही, त्यामुळे ब्रायडलवेवर जिथे कुंपण येते तिथे उघडणारे फाटक असते. गुडघ्याची तक्रार असलेल्या माणसासाठी मी सर्वप्रथम हेच पाहतो. नकाशावर दोन्ही वाटा हिरव्या तुटक रेषांनीच दाखवतात, फक्त ब्रायडलवेची रेघ लांब असते आणि फुटपाथची आखूड.

याला दुसरी बाजूही आहे. पावसाळी दिवसांत घोड्यांच्या टापांनी ब्रायडलवेचा घोटाभर चिखल होतो, आणि रेताड माळावर त्याच टापांनी वाळू इतकी भुसभुशीत होते की समुद्रकिनाऱ्यावर कोरड्या वाळूतून चालल्यासारखे पाय रुततात. अशा ठिकाणी वाटेच्या मधून न जाता कडेच्या घट्ट जमिनीवरून चालावे. चढउतारासाठी नकाशातील तपकिरी समोच्च रेषा पाहाव्यात. या भागात दोन रेषांमध्ये ५ मीटरचा फरक असतो, म्हणून वाटेने दोन-तीनच रेषा ओलांडल्या तर निर्धास्त राहावे.

वेळेच्या बाबतीत, नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला, ताशी सुमारे ५ किलोमीटरचा हिशेब पुष्कळ लोक वापरतात. आई-वडिलांसोबत असताना तो विसरावा. फुले पाहणे, फोटो काढणे, थर्मासमधला चहा पिणे हे सगळे धरून ताशी अडीच किलोमीटर पुष्कळ झाले.

संथपाणी

मी नदीकाठापासून सुरुवात सुचवेन, आणि त्यातही सरेमधील गिल्डफर्ड ते गोडाल्मिंग ही वे नदीकाठची वाट. अंतर सुमारे ७ किलोमीटर आहे आणि दोन्ही टोकांना रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे आल्या वाटेने परत चालावे लागत नाही. गोडाल्मिंगहून गिल्डफर्डला गाडी दहा मिनिटांच्या आत पोहोचते. कुणी मध्येच दमले तर शेवटच्या टप्प्यात फार्नकोम स्टेशन हाताशी आहे. माझ्या मते सोय म्हणतात ती हीच, कारण वयस्कर माणसाला ‘अजून किती’ यापेक्षा ‘इथून परत जाता येईल ना’ या प्रश्नाची चिंता अधिक असते.

ही वाट सपाट का आहे, तेही वडिलांना सांगण्यासारखे आहे. वे नदीवर लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करून नावा पुढे नेणारी दारांची कोंडी) बांधून गिल्डफर्डपर्यंतचा जलमार्ग १६५३ साली खुला झाला आणि पुढे तो गोडाल्मिंगपर्यंत वाढवला गेला. मालाच्या नावा काठावरून घोडे दोराने ओढत नेत, त्या घोड्यांसाठी केलेली वाट म्हणजे आजची ही पायवाट. भरलेली नाव ओढणाऱ्या जनावराला चढ परवडत नव्हता, त्याचा लाभ आज गुडघेदुखीवाल्यांना होतो. लॉकपाशी जरूर थांबावे. एखादी नॅरोबोट, म्हणजे अरुंद लांबट नाव, आत आली, मागची दारे बंद झाली आणि पाण्याबरोबर ती हळूहळू वर येऊ लागली की वीस मिनिटे कशी गेली ते कळत नाही. वाटेत सेंट कॅथरिन्सजवळ सोनेरी वाळूचा उतार थेट पाण्यापर्यंत आलेला दिसतो.

स्वच्छतागृहाची व्यवस्था मात्र निघण्यापूर्वी स्टेशनवरच उरकून घ्यावी.

रानहळद

संथपाणी यांच्या वाटेविषयी दुमत नाही, पण क्रम मी उलटा ठेवेन. नदी सप्टेंबरमध्येही तिथेच असेल, ऑगस्टमधला माळ मात्र थांबत नाही. ‘लिंग’ (ling) जातीचा हीदर, म्हणजे माळावरचे जांभळट फुलांचे बुटके झुडूप, याच महिन्यात फुलतो आणि फुलोरा सरला की माळ पुन्हा तपकिरी होतो.

हॅम्पशरमधील न्यू फॉरेस्टला जावे. नावात ‘न्यू’ असले तरी विल्यम राजाने ते शिकारीचे रान म्हणून राखले ते १०७९च्या सुमारास, आणि तेथील निम्मा भाग जंगलच नाही, मोकळा माळ आहे. ब्रोकनहर्स्ट गावाजवळ व्हाइटफील्ड मूर हा सपाट माळ आहे. तेथून ओबर वॉटर नावाच्या ओढ्याच्या काठाने पटल्स ब्रिजकडे वाट जाते, त्यामुळे तुमच्या यादीतील माळ, झाडी आणि पाणी हे तिन्ही एकाच फेरीत भेटतात. ओढ्याचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसले तर आईंना ते घाण वाटेल, पण तो रंग पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या) दलदलीतून आणि लोहयुक्त मातीतून येतो. दोन दिवस पाऊस झाला असेल तर ही वाट पचपचीत होते. तेव्हा जवळचीच ऱ्हाइनफील्डची टॉल ट्रीज ट्रेल धरावी. ती खडी टाकलेली, जवळजवळ सपाट आणि अडीच किलोमीटरच्या आतली आहे, आणि तिच्यावरचे दोन प्रचंड सेकोया वृक्ष पाहताना मान दुखेल, गुडघा नाही.

माळावर एक गोष्ट जवळून पाहावी. गॉर्स या काटेरी झुडपाला वर्षभर थोडीफार पिवळी फुले असतात. ऊन पडल्यावर एक फूल बोटांत धरून नाकाशी नेले तर चक्क खोबऱ्याचा वास येतो. माझ्या आईने तो ओळखला आणि ‘यात कुणी नारळ खवलाय का’ असे विचारले होते. घोडी मोकळी फिरताना दिसतील. ती बेवारस नसून स्थानिक चराई-हक्कदारांच्या मालकीची आहेत. त्यांना बिस्किटे देण्याचा मोह आईंना होणारच, पण त्यांना खाऊ घालण्यास मनाई आहे आणि ती चावतातही.

नवखा_पांथस्थ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निळ्या बाणाची युक्ती मला पाच वर्षांत कुणी सांगितली नव्हती. आधी न्यू फॉरेस्ट आणि नंतर वे नदी असे ठरवतो. हीदरमध्ये गोचीड असतात असे ऐकले आहे. त्याविषयी कितपत काळजी करावी?

घोडेवाट

घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये, कारण काही गोचिडांमधून लाइम आजाराचे जंतू येतात. पॅन्ट पूर्ण लांबीची आणि मोज्यात खोचलेली असावी. हलका रंग असेल तर गोचीड चटकन दिसते. झुडपांत न शिरता वाटेच्या मधून चालावे. (वर कडेने चालायला सांगितले ते केवळ भुसभुशीत वाळूपुरते, आणि तेथेही हीदरला पाय लागू देऊ नये.) घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेशी पाहावे. गोचीड चिकटलेली आढळल्यास बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. त्यावर तेल ओतणे किंवा काडीने चटका देणे हे उपाय करू नयेत. पुढील काही आठवड्यांत त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांना दाखवावे. चट्टा उमटायला तीन महिनेही लागू शकतात आणि तोपर्यंत ते दोघे परत गेलेले असतील, म्हणून गोचीड चावल्याची तारीख लिहून त्यांच्यासोबत द्यावी.

रानहळद

आणि टोपी. माळावर सावलीला एक झाड मिळत नाही, तेव्हा सकाळची गाडी पकडावी.