चर्चचा बुरूज आधी की ऊसतोडीवाल्यांच्या पोरांची खोली?

धागाकर्ता: नगर जिल्ह्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान, साठेक घरं. दगडी चर्च दोन पावसाळे गळतंय. ते पाडून नवं बांधायचा आराखडा पास्टरेट कमिटीने, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने आणलाय. उंच बुरूज, ग्रॅनाइट, एसी. खर्च ८० लाख. बांधकामाला माझा विरोध नाही. पण निम्मी घरं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि पोरं म्हाताऱ्यांपाशी राहतात. मंडळीने सेवा म्हणून हीच पोरं सांभाळायचं ठरवलंय. त्यांच्या अभ्यासाला, झोपायला आराखड्यात एक खोली नाही. मग हे चर्च कशासाठी?

कमिटीतला: मी त्या कमिटीत आहे. देवाचं घर पडीक आणि तुम्ही मात्र सजवलेल्या घरांत, हे हाग्गय संदेष्ट्याने सुनावलंय. येशूच्या मस्तकावर महागडं तेल ओतणाऱ्या बाईलाही लोकांनी गरिबांचं नाव पुढे करूनच टोकलं होतं. प्रभूने तिचीच बाजू घेतली.

महिला संघातली: दादा, त्या बाईने स्वतःचं तेल स्वतःच्या मनाने ओतलं. इथे घरटी रक्कम ठरवलीय. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडता फेडता ज्यांची कंबर मोडते, त्यांनी ती कुठून आणायची? बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, हेही प्रभूनेच सांगितलंय, लूक १४ मध्ये. आणि आराखड्यात पुढे पाच पायऱ्या काढल्यात. आमच्या गुडघेदुखीच्या आज्या प्रभुभोजनाला वर कशा चढणार? उतार नाही, बायकांसाठी संडास नाही. आराखडा करताना आम्हाला कुणी विचारलंच नाही.

पुण्याहून: अमेरिकन मराठी मिशन ही मिशनरी संस्था १८३१ मध्ये नगरला आली. पुढे खेड्यांत कितीतरी ठिकाणी एकाच इमारतीत आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना चाले. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं सतरंजीवर बसून, टाळ घेऊन म्हणायची. त्याला आत बसायला मोकळी जागा लागते. आणि दगडी भिंती पाडायची घाई करू नका. चुन्यातल्या भिंतीला कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते. तो काढून पुन्हा चुना भरा, छप्पर नवं घाला. खर्च पुष्कळ वाचेल.

कमिटीतला: चुन्याचं जाणकाराला विचारतो. उताराची चूक आमची, ती कबूल. पण बुरुजाचं मनातलं सांगतो. आमच्या आज्यापणज्यांना गावाने शिवेबाहेर ठेवलं. पाणवठ्यावरून हाकललं. त्यांच्या नातवंडांचं चर्च एसटीतून उतरताच दिसावं, असं मला वाटतं. हा मानही सेवेतच येतो.

धागाकर्ता: हे तुम्ही बैठकीत बोलला असता तर मी इतका चिडलो नसतो. माझाही आजा त्याच वस्तीतला. पण त्याला मान मिळाला तो मिशनच्या शाळेत, पाटी हातात आल्यावर. आधी खोली बांधा. एसी आणि ग्रॅनाइट वगळा. पैसे उरले तर बुरुजाला मी स्वतः दगड वाहीन.

कमिटीतला: रविवारी उपासनेनंतर नकाशा सतरंजीवर पसरतो, बायकांनी आधी बोलावं. एसी सोडला. बुरुजावर मात्र मी अडून राहणार.