जास्त शॉट मारणारा गार्ड घ्यावा की कमी शॉटमध्ये गुण काढणारा?

प्रशिक्षक_नाशिकरोड:
नमस्कार. नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाला मी प्रशिक्षण देतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) ठरला आहे, परंतु शूटिंग गार्ड (मुख्यतः लांबून शॉट मारणारा) म्हणून दोघांपैकी कोणाला उतरवावे याचा निर्णय होत नाही. परवाच्या सराव सामन्यात पहिल्याने 22 शॉट मारले, त्यांपैकी 8 बसले (त्यांत 2 तीन गुणांचे), आणि 6 पैकी 5 फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे, प्रत्येकी एका गुणाचे मोकळे शॉट) मिळून त्याचे 23 गुण झाले. दुसऱ्याने 9 पैकी 5 शॉट बसवले, त्यांतही 2 तीन गुणांचे होते, आणि दोन्ही फ्री थ्रो धरून त्याचे 14 गुण झाले. आमच्याकडे सर्वांचा कल 23 गुणांकडे आहे. मला मात्र हुकलेले शॉट खुपतात. जाणकारांनी मत द्यावे.

स्कोअरशीटवाला:
सर, आपली शंका रास्त आहे. एकूण शॉटमध्ये फ्री थ्रोंची 0.44 पट मिळवावी आणि त्या बेरजेच्या दुपटीने गुणांना भागावे, म्हणजे ट्रू शूटिंगची टक्केवारी (वापरलेल्या संधींच्या मानाने किती गुण निघाले याचे माप) मिळते. 0.44 एवढ्यासाठी की बहुतेक वेळा दोन फ्री थ्रो मिळून एक संधी खर्च होते, पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो वेगळी संधी खात नाही. या हिशेबाने पहिल्याची टक्केवारी सुमारे 47 येते आणि दुसऱ्याची 71. अर्थात एका सामन्यातले 71 टक्के कोणाचेच टिकत नाहीत, त्यामुळे मी दोघांमधील फरकाकडे अधिक लक्ष देईन. पहिल्याने 13 शॉट आणि 4 फ्री थ्रो जास्त घेतले, म्हणजे संघाच्या जवळपास 15 संधी जास्त वापरल्या, आणि त्यांतून फक्त 9 गुण जास्त आले. त्याच संधी इतरांनी घेऊन प्रत्येकी सरासरी 0.8 गुण काढले असते, तरी 12 गुण झाले असते. माझ्या मते 23 हा आकडा संघाचे नुकसान झाकतो आहे.

पंचवटीकर:
गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा वाटतो. ‘इतरांनी 0.8 गुण काढले असते’ हे गृहीत धरताना ते इतर कोण आहेत हे पाहिलेले नाही. मी स्वतः गार्ड म्हणून खेळलो आहे. शॉट क्लॉकवर (शॉट मारण्यासाठी मिळणाऱ्या वेळेचे घड्याळ) चार-पाच सेकंद उरली की कोणालाच नको असलेला चेंडू ज्याच्या हातात येतो, त्याची टक्केवारी घसरणारच.

एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधील गार्ड ॲलन आयव्हर्सनचे उदाहरण पाहावे. 2000-01 च्या मोसमात त्याने सामन्यामागे 31.1 गुण केले, पण त्यासाठी 25.5 शॉट मारले आणि त्यांपैकी 42 टक्केच बसवले; त्याची ट्रू शूटिंग टक्केवारी 52 च्या आसपास होती. तरीही तो मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि फिलाडेल्फियाचा संघ अंतिम फेरीत पोहोचला, कारण डिकेम्बे मुटोम्बो, एरिक स्नो यांसारख्या सहकाऱ्यांचा मुख्य भर बचावावर होता आणि गुणांचा भार उचलणारा दुसरा कोणी नव्हता. पुढे 2007-08 मध्ये डेन्व्हरला कार्मेलो अँथनीची साथ मिळाल्यावर त्याचे शॉट 20 च्या खाली आले आणि अचूकता 45.8 टक्क्यांवर गेली. वयाच्या तिशीनंतर ही सुधारणा झाली, यात सोबतच्या खेळाडूंचा वाटा मोठा होता असे मी मानतो.

उलट बाजूही खरी आहे. दुसऱ्या मुलाला 9 ऐवजी 18 शॉट मारायला लावले, तर प्रतिस्पर्धी त्याच्यावर उत्तम बचावपटू लावतील आणि आजची अचूकता राहणार नाही. एनबीएमधीलच गार्ड स्टीफन करीने 2015-16 मध्ये सामन्यामागे 20 शॉट मारून 67 टक्क्यांच्या घरात ट्रू शूटिंग राखले, हे अपवादात्मक आहे. सर्वसाधारण गार्डकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

प्रशिक्षक_नाशिकरोड:
दोघांचेही आभार. सामन्याचे मोबाइलवरील चित्रीकरण पुन्हा पाहिले. पहिल्याचे हुकलेले बरेच शॉट अखेरच्या सेकंदांतले आहेत. आमचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) फ्री थ्रो रेषेपाशी चेंडू घेतो, रिंगकडे वळतही नाही आणि चेंडू परत पहिल्याच्याच हाती देतो. मात्र तिसऱ्या सत्रात सलग दोन तीन गुणांचे शॉट बसल्यानंतर त्याने दोन बचावपटू अंगावर असताना, ताबा मिळून जेमतेम सात-आठ सेकंद झालेली असताना शॉट मारले, आणि तेव्हा कोपऱ्यात आमचा खेळाडू मोकळा उभा होता.

स्कोअरशीटवाला:
मग माझे मत बदलतो. नाइलाजाचे शॉट त्याच्या खात्यातून बाजूला काढा आणि घाईने मारलेल्या शॉटचाच जाब त्याला विचारा. पुढील सामन्यांत प्रत्येक शॉटसमोर शॉट क्लॉकवर उरलेली सेकंदे पेन्सिलने लिहून ठेवावीत. हे काम राखीव खेळाडूही करू शकतो.

पंचवटीकर:
मीही हेच सुचवेन, आणि एक जोड देईन: दोघांना काही मिनिटे एकत्र खेळवून पाहा. दुसरा मुलगा कोपऱ्यात उभा राहिला तर पहिल्यावर दुहेरी बचाव टाकणे प्रतिस्पर्ध्यांना महागात पडेल. तरीही पहिला मुलगा चेंडू सोडत नसेल, तर सुरुवात दुसऱ्यापासून करावी.