शाळा मंडळाची निवडणूक एप्रिलमधून नोव्हेंबरमध्ये न्यावी का? (न्यू जर्सी)

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतील आमच्या गावात शाळा मंडळाची निवडणूक अजूनही एप्रिलमध्ये होते. ती नोव्हेंबरच्या मतदानाला जोडावी, यासाठी शेजारच्या एक बाई सह्या गोळा करीत आहेत. त्यांनी दिलेला अर्ज तीन दिवस आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लटकतो आहे. गेल्या एप्रिलमध्ये कामावरून परतताना मी शाळेच्या व्यायामशाळेत मत द्यायला गेले, तेव्हा टेबलामागे चार कर्मचारी होते आणि मतदार मी एकटीच. वहीत माझी सही ताडून पाहणारे आजोबा म्हणाले, "दुपारपासून तुम्ही एकोणचाळिसाव्या." एवढ्या थोड्या माणसांनी गावातील सगळ्या मुलांच्या शाळांचा कारभार ठरवावा, हे मनाला पटत नाही. पण नोव्हेंबरच्या पक्षीय धुमाळीत शाळेकडे कोण लक्ष देणार, अशीही शंका येते. हे म्हणतात, "सही करून टाक." (त्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे; त्यामुळे त्यांना स्वतःला मतही देता येत नाही आणि या अर्जावर सहीही करता येत नाही, सल्ला मात्र देता येतो.) जाणकारांनी मत मांडावे.

हिशेबनीस

सही करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सह्या गोळा करणारे ती सहसा सांगत नाहीत: तारखेबरोबर तुमचा अंदाजपत्रकावरील मताचा हक्कही बदलतो. जानेवारी 2012 मध्ये झालेल्या कायद्यानुसार जी शाळा मंडळे निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेतात, त्यांना करवाढ 2 टक्क्यांच्या मर्यादेत असेपर्यंत अंदाजपत्रक मतदारांपुढे ठेवावे लागत नाही. एप्रिलमध्ये राहिलेल्या गावांत मात्र ते ठेवावेच लागते. राज्यातील बहुतेक मंडळे पहिल्याच वर्षी झपाट्याने नोव्हेंबरकडे वळली, ती केवळ मतदान वाढावे या तळमळीने वळली असे मला वाटत नाही.

निर्णय मंडळ स्वतः ठराव करून घेऊ शकते, गावाची नगरपरिषदही घेऊ शकते. सह्यांचा मार्ग धरल्यास मागील राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत गावात जेवढे मतदान झाले, त्याच्या 15 टक्के सह्या लागतात आणि मग प्रश्न मतदारांपुढे जातो. एकदा बदल केला की चार वर्षे मागे फिरता येत नाही. आपल्या मालमत्ता करातील निम्म्याहून थोडा अधिक वाटा राज्यभरात सरासरीने शाळांकडे जातो, हे लक्षात घेतले तर हा हक्क सहजासहजी सोडण्याजोगा नाही.

जुना जर्सीकर

हिशेबनीस यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे, परंतु त्या हक्काची किंमत ते जरा वाढवून सांगत आहेत. 2010 चा एप्रिल मला चांगला आठवतो. राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी शाळांचे राज्य अनुदान कापले होते आणि जेथे शिक्षक वेतनवाढ गोठवण्यास तयार नसतील तेथील अंदाजपत्रके फेटाळा, असे जाहीर आवाहन केले होते. राज्यातील निम्म्याहून अधिक अंदाजपत्रके त्या वेळी पडली. पुढे काय होते? पडलेले अंदाजपत्रक नगरपरिषदेकडे जाते, ती काही रक्कम छाटते, आणि आमच्या गावात त्या छाटणीची कुऱ्हाड प्राथमिक शाळेच्या वाद्यवृंदावर पडली. माझी मुलगी त्या वर्षी व्हायोलिन शिकणार होती. राज्यपालांवरचा किंवा करावरचा राग काढायला लोकांना तेवढी एकच जागा होती आणि तो निघाला चौथीच्या मुलांवर.

नोव्हेंबरचीही एक अडचण आहे. 2 टक्क्यांपलीकडे पैसे हवे असतील तर तो वेगळा प्रश्न नोव्हेंबरमध्ये मताला टाकावा लागतो, पण शाळेचे आर्थिक वर्ष 1 जुलैलाच सुरू झालेले असते. म्हणजे शिक्षक नेमायचा सप्टेंबरमध्ये आणि पगाराला मंजुरी मिळणार की नाही हे कळायचे दोन महिन्यांनी. तरीही माझे मत नोव्हेंबरच्या बाजूनेच आहे, कारण एप्रिलच्या स्वतंत्र निवडणुकीचा खर्च शाळेच्याच तिजोरीतून जातो.

पश्चिमवासी

मी लॉस एंजेलिसमध्ये राहतो. येथे मतदारांनी मार्च 2015 मध्ये शहराची सनद (कारभाराची मूळ नियमावली) बदलून शाळा मंडळाच्या निवडणुका 2020 पासून सम वर्षांतील राज्यस्तरीय निवडणुकांना जोडल्या. वेळापत्रक जुळवताना मधल्या सदस्यांना एकदाच साडेपाच वर्षांची मुदत मिळाली. तुमच्याकडेही पहिल्या बदलात पदावरील सदस्यांची मुदत मे महिन्याऐवजी जानेवारीपर्यंत लांबते, तेव्हा सध्याच्या मंडळावर नाराज असाल तर तेवढे महिने त्यांना आणखी सोसावे लागतील.

तारीख आडवेळेची असली की संघटित गट वरचढ ठरतात, असे बर्कली येथील राज्यशास्त्रज्ञ सारा अँझिया यांनी अभ्यासातून दाखवले आहे. शिक्षक संघटना हे त्यातले ठळक उदाहरण. मात्र न्यू जर्सीत विधिमंडळाच्या निवडणुका विषम वर्षांत होतात, हे विसरू नये. 2015 मध्ये मतपत्रिकेच्या शिरोभागी केवळ कनिष्ठ सभागृहाच्या जागा होत्या आणि नोव्हेंबर असूनही पाचांतील जेमतेम एक नोंदणीकृत मतदार बाहेर पडला.

हिशेबनीस

वाद्यवृंदाचे वाचून वाईट वाटले. तो दोष मताच्या हक्काचा नसून छाटणी करणाऱ्यांच्या निवडीचा होता, असे मी अजूनही म्हणेन. शिवाय तारीख तीच ठेवूनही मतदार वाढवता येतात: आपल्याच राज्यातील नेवार्क शहराने एप्रिल सोडला नाही, पण 2025 पासून शाळा मंडळासाठी 16 व 17 वर्षांच्या मुलांना मत दिले.

चैत्रपालवी

सर्वांचे आभार. अंदाजपत्रकाचा भाग मला अजिबात ठाऊक नव्हता. आज सकाळी शेजारच्या बाईंना विचारले, तर त्यांनाही तो माहीत नव्हता. पुढच्या मंगळवारी मंडळाची सभा आहे. गेल्या पाच वर्षांत आमच्या गावाने अंदाजपत्रक किती वेळा फेटाळले आणि एप्रिलच्या मतदानावर दर वर्षी किती खर्च होतो, हे आम्ही दोघी तेथे विचारणार आहोत. तोवर अर्ज फ्रिजवरच राहील.